विश्लेषण : स्कूटरच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा, पण सगळे एकाच वेळी खरे नाहीत! स्पेसिफिकेशन कसे वाचावे?

दसरा, धनत्रयोदशी किंवा गुढीपाडवा जवळ आला की दुचाकीच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. स्कूटर घ्यायला येणारा ग्राहक आता मोबाइलवर दोन-तीन मॉडेलची तुलना करूनच येतो. एका रकान्यात १०९ सीसी, दुसऱ्यात १२४. इकडे ८ पीएस, तिकडे ९. इकडे ४५ चे ॲव्हरेज, तिकडे ५०. ज्या रकान्यात मोठे आकडे जास्त ती गाडी चांगली, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि लाखाच्या घरातली खरेदी त्यावर ठरते.

कंपन्या तक्त्यात खोटे आकडे छापतात, असा याचा अर्थ नाही. अडचण वेगळी आहे. तक्त्यातला प्रत्येक आकडा एका ठरावीक स्थितीत मोजलेला असतो. ताकद एका वेगाला, ओढ दुसऱ्या वेगाला, ॲव्हरेज प्रयोगशाळेत, किंमत सर्वांत स्वस्त व्हेरिएंटची आणि डिस्क ब्रेक सर्वांत महाग व्हेरिएंटचा. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असतो, मात्र हे सगळे एकाच गाडीला एकाच वेळी लागू होत नाहीत. त्यामुळे आकड्यापेक्षा त्याच्या शेजारी बारीक अक्षरात काय लिहिले आहे, ते वाचणे जास्त महत्त्वाचे ठरते.

सीसी जास्त म्हणजे गाडी दणकट?

सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर. इंजिनातला पिस्टन वर-खाली होताना जितकी जागा व्यापतो, तिचे हे माप. जागा मोठी असेल तर एका वेळी हवा आणि पेट्रोल यांचे जास्त मिश्रण जळते, एवढेच ते सांगते. त्या जळण्यातून चाकापर्यंत किती आणि कशी ताकद पोचते, हे सीसी सांगत नाही. गाडीचा पत्रा, सांगाडा किंवा आयुष्य यांच्याशी तर त्याचा काहीही संबंध नाही.

सीसीचा खरा उपयोग सरकारी हिशेबात होतो. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीच्या टप्प्यांवर ठरतो आणि ७५ ते १५० सीसी हा एकच टप्पा आहे. म्हणजे ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटरला थर्ड पार्टीचा दर सारखाच. जीएसटीतही फरक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यात जवळपास सगळ्याच पेट्रोल स्कूटर बसतात. '११० घेतली तर विमा स्वस्त पडेल' हा सल्ला निदान थर्ड पार्टीपुरता तरी चुकीचा आहे.

पीएस, बीएचपी, किलोवॉट : एकाच मापाची तीन नावे

तुलनेतला पहिला घोटाळा एककांचा. एक कंपनी ताकद पीएसमध्ये देते, दुसरी बीएचपीमध्ये, तिसरी किलोवॉटमध्ये. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट आणि एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॉट. तीच ताकद पीएसमध्ये लिहिली की आकडा किंचित मोठा दिसतो आणि किलोवॉटमध्ये लिहिली की एकदम लहान. ८.१५ पीएस, ८.०४ बीएचपी आणि सुमारे ६ किलोवॉट ही तीन इंजिने नाहीत, एकच इंजिन आहे. दशांश चिन्हानंतरच्या फरकावरून गाडी निवडणाऱ्याने आधी एकक एकच आहे ना, एवढे पाहावे.

'आरपीएम'कडे दुर्लक्ष का नको?

तक्त्यातली सर्वांत कामाची माहिती इथे असते आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. ताकद आणि टॉर्क यांच्या आकड्यापुढे 'इतक्या आरपीएमला' असे लिहिलेले असते. आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, ज्याला बोलीभाषेत 'ओढ' किंवा 'पिकअप' म्हणतात. ताकद म्हणजे तो जोर आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. न्यूटन मीटरमधला टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार करून ९,५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात. शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचे यात काही नाही.

एकाच कंपनीच्या दोन स्कूटर शेजारी ठेवल्या की मुद्दा कळतो. टीव्हीएसची ज्युपिटर १२५ ही २०२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या तक्त्यात ८.१५ पीएस ताकद ६,५०० आरपीएमला आणि १०.५ एनएम टॉर्क ४,५०० आरपीएमला, असे दिले होते. त्याच कंपनीच्या बीएस-६ एनटॉर्क १२५ च्या तक्त्यात ९.३८ पीएस ७,००० आरपीएमला आणि टॉर्क तोच, १०.५ एनएम, पण ५,५०० आरपीएमला. दोन्ही १२४.८ सीसीच्या. नुसता 'टॉर्क' हा रकाना पाहिला तर दोन्हींत काही फरक नाही. पण पहिली गाडी आपली पूर्ण ओढ १,००० फेरे आधी देते.

याचा रस्त्यावर काय फरक पडतो? मागे माणूस बसला आहे, पायाशी पिशव्या आहेत आणि सिग्नल सुटताच उड्डाणपुलाच्या चढाला लागायचे आहे. इंजिन न ओरडता कमी फेऱ्यांना ओढत असेल, तर ते रोजच्या वापरात सुखाचे. एनटॉर्कसारखी गाडी मोकळ्या रस्त्यावर, मूठ पिळून चालवायला मजा देणारी. त्यातले चांगले-वाईट वापरणाऱ्यावर ठरते. मात्र 'टॉर्क सारखाच आहे, मग ज्यात पीएस जास्त ती घ्या' हा शोरूममधला युक्तिवाद तक्ता अर्धाच वाचल्याचे लक्षण आहे.

तक्त्यात न येणारी एक गोष्टही सांगायला हवी. आजच्या जवळपास सगळ्या पेट्रोल स्कूटरना सीव्हीटी असते, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि कमी-जास्त होणाऱ्या दोन पुल्या. त्या पुलीतल्या रोलरचे वजन आणि स्प्रिंगचा ताण कंपनीने कसा जुळवला आहे, यावर गाडी जागेवरून कशी उचलते हे बरेच अवलंबून असते. तो आकडा कुठेच छापत नाहीत. त्यासाठी टेस्ट राइड हाच उपाय, आणि तीही शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एकट्याने नव्हे. ज्याला किंवा जिला रोज मागे बसायचे आहे, त्यांना घेऊन, एखाद्या चढावर.

ॲव्हरेजचा आकडा येतो कुठून?

'एआरएआय मायलेज' हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था. वाहनांना मान्यता देताना ज्या चाचण्या होतात, त्यांत गाडी रस्त्यावर नव्हे, प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालवली जाते. किती पेट्रोल गेले हे धुरातल्या कार्बनवरून काढता येते.

गाडी किती वेळ थांबेल, किती वेगाने पळेल, हे सेकंदागणिक ठरलेले असते. जुने इंडियन ड्रायव्हिंग सायकल १०८ सेकंदांचे होते. त्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांत पेट्रोल दुचाकींसाठी डब्ल्यूएमटीसी हे जागतिक चक्र आहे. चक्र कोणतेही असो, त्यात एकच चालक धरलेला असतो, टायरमध्ये हवा नेमकी असते आणि वाटेत खड्डा चुकवावा लागत नाही. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला ठीक. आपल्याला तितकेच पडेल, अशी अपेक्षा मात्र करू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ॲव्हरेजला किती वजन द्यायचे, हे आपल्या वापरावरून ठरवायला हवे. समजा एक गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते आणि दुसरी ५०. रोज ४० किलोमीटर याप्रमाणे वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे दुसऱ्या गाडीत वर्षाला सुमारे २७ लिटर वाचतात. लिटरला १०५ रुपये धरले तर साधारण २,८०० रुपये. पण जिची गाडी भाजी, शाळा आणि बँक एवढीच फिरते, वर्षाला जेमतेम ३ हजार किलोमीटर, तिचे वाचतात ७०० रुपये. वर्षाच्या ७०० रुपयांसाठी उंच सीटची किंवा कमजोर ब्रेकची गाडी घेणे परवडणारे नाही.

१२ इंची चाक खरेच १२ इंचाचे असते?

नाही. १० किंवा १२ इंच हे माप रिमचे, म्हणजे ज्या लोखंडी किंवा ॲलॉय चकतीवर टायर बसतो तिचे. टायरसह चाक किती मोठे, हे टायरवरच्या आकड्यांतून काढावे लागते आणि ते सोपे आहे.

९०/९०-१२ असे लिहिले असेल तर टायर ९० मिलिमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिम १२ इंच, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर. उंची खाली-वर दोनदा धरायची. एकूण चाक झाले सुमारे ४६७ मिलिमीटर. आता ॲक्टिव्हा ६जीच्या मागच्या चाकासारखा ९०/१००-१० घ्या. रिम २५४, उंची ९० आणि ९०. एकूण ४३४. कागदावर दोन इंचांचा, म्हणजे ५१ मिलिमीटरचा दिसणारा फरक प्रत्यक्षात ३३ मिलिमीटर उरतो.

फरक कमी असला तरी आहे, आणि मोठे चाक खड्ड्याच्या कडेवरून सहज वर येते. पावसाळ्यात ज्याने कोकणातला किंवा शहरातलाही खोदलेला रस्ता पाहिला आहे, त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. ११० सीसीच्या ॲक्टिव्हाला पुढे १२ इंची चाक आणि टेलिस्कोपिक सस्पेन्शन २०२० मध्ये, ६जी आली तेव्हा मिळाले. त्याआधीची आणि नंतरची, अशा दोन्ही वापरणाऱ्यांना खड्ड्यात हँडलला बसणाऱ्या धक्क्यातला फरक विचारावा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला तर हे वर्ष माहीत असायलाच हवे.

पुढची आणि मागची चाके वेगळ्या मापाची असतील तर टायरही दोन मापांचे लागतात. जुन्या गिअरच्या चेतकची गंमत अशी होती की पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकच. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटांत अदलाबदल व्हायची. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या त्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, तेव्हा स्पेसिफिकेशन विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आता स्टेपनी गेली, तिच्या जागी ट्यूबलेस टायर आले.

सीबीएस, आयबीएस, एसबीटी, यूबीएस... ब्रेक किती प्रकारचे?

ही सगळी नावे एकाच गोष्टीची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना कम्बाइंड ब्रेकिंग सिस्टीम आणि त्यावरच्यांना एबीएस बंधनकारक झाले. होंडा त्याला सीबीएस म्हणते, हिरो आयबीएस, टीव्हीएस एसबीटी आणि यामाहा यूबीएस. डाव्या हाताचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो, एवढेच हे तंत्र. नियमाने सगळ्यांनाच द्यावे लागते, त्यामुळे ते 'खास फीचर' म्हणून ऐकवले जात असेल तर हसून सोडून द्यावे.

सीबीएस आणि एबीएस एक नाहीत, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक जाम होऊ न देण्याचे काम एबीएस करते. सीबीएस ते करत नाही. '१२५' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर नेमक्या १२४ आणि काही दशांश सीसीच्या असतात, म्हणजे १२५ च्या मर्यादेत. बारामतीत तयार झालेली एप्रिलियाची एसआर १६० किंवा यामाहाची एरॉक्स १५५ यांना एबीएस मिळाले ते त्या मर्यादेबाहेर असल्यामुळे.

१२५ च्या आतल्या गाड्यांत खरा निर्णय असतो तो पुढे ड्रम की डिस्क हा. थांबताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये काही हजारांचा फरक असेल आणि त्यात एकीकडे डिस्क, दुसरीकडे ब्लूटूथचा डिस्प्ले मिळत असेल, तर पैसे डिस्कवर घालावेत. दुर्दैवाने अनेक कंपन्या या दोन गोष्टी एकाच महाग व्हेरिएंटमध्ये बांधून देतात.

पाय पोचतात का?

सीटची उंची बहुतेक स्कूटरमध्ये ७६० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. हा आकडाही एकटा फसवा. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि ७६५ ची सीट ७८० पेक्षा उंच वाटू शकते. घरात गाडी चालवणारे दोघे-तिघे असतील, तर सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीने बसून, रोजची चप्पल घालून, गाडी मागे ढकलून पाहावी. दोन्ही पावले टेकतात की फक्त चवडे, यावर पावसात, उतारावर, मागे मूल बसलेले असताना गाडी आवरणार की नाही ते ठरते.

त्याच्या जोडीला कर्ब वेट, म्हणजे तेल-पेट्रोल भरलेल्या गाडीचे वजन. यामाहाची फॅसिनो १२५ एफआय ९९ किलोची, ज्युपिटर १२५ साधारण १०८ आणि एनटॉर्क ११८ च्या घरातली. बॅटरीवरच्या बऱ्याच स्कूटर ११० ते १३५ किलोंच्या दरम्यान. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मधल्या स्टँडवर चढवताना आणि दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर काढताना दहा किलोंचा फरक कळतो.

ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर वगैरे लिहिलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर कुठलीच स्कूटर घासणार नाही. पण गल्लीतल्या गतिरोधकाने हा मापदंड वाचलेला नसतो, आणि दोघे बसल्यावर सस्पेन्शन दबून तो १६० चा आकडाही कमी होतो.

डिकीच्या लिटरचेही तसेच. तीस लिटरच्या उथळ, लांबट डिकीत पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट बसेलच असे नाही. स्वतःचे हेल्मेट घेऊन जावे आणि ठेवून पाहावे.

आणखी एक ओळ बहुधा जाहिरातीच्या तक्त्यात नसतेच, मालकाच्या पुस्तिकेत असते. ती म्हणजे एकूण अनुमत वजन. समजा ते २३८ किलो असेल आणि गाडी १०८ किलोची, तर माणसे आणि सामान मिळून १३० किलोच चालतात. ७० किलोंच्या दोन व्यक्ती बसल्या की ही मर्यादा ओलांडली, डिकीतला डबा आणि फूटबोर्डवरची तांदळाची पिशवी वेगळीच. जास्त भाराने गाडी लगेच मोडत नाही, पण थांबायला जास्त अंतर लागते. त्याच पुस्तिकेत मागे माणूस असताना मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची, तेही वेगळे दिलेले असते. पेट्रोल पंपावर हा आकडा आपणच सांगायचा असतो.

इलेक्ट्रिकच्या तक्त्यात काय बघावे?

इथे भाषा बदलते, खेळ तोच राहतो. बॅटरी किलोवॉट-अवरमध्ये मोजतात आणि एक किलोवॉट-अवर म्हणजे वीजबिलातले एक युनिट. तीन किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिटची टाकी. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरवर तीनपेक्षा जास्त युनिट पडतात.

आता रेंज. 'आयडीसी रेंज १४० किलोमीटर' असे लिहिले असेल तर ते इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणजे वर आलेले १०८ सेकंदांचे, ताशी ४२ किलोमीटरच्या वर न जाणारे चक्र. तीन युनिटमध्ये १४० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सुमारे २१ वॉट-अवर. रोजच्या वाहतुकीत, ताशी ५०-६० चा वेग आणि मागे माणूस धरून, ३० वॉट-अवर धरणे वास्तवाला धरून होईल. मग रेंज येते १००. कोणत्याही गाडीची बॅटरी याप्रमाणे ३० ने भागली की स्वतःपुरता अंदाज मिळतो. पेट्रोलमध्ये ॲव्हरेज चुकले तर पंप सापडतो, इथे चुकले तर गाडी ढकलावी लागते. म्हणून रोजचे अंतर ४० किलोमीटर असेल तर कागदावरची रेंज त्याच्या दुपटीहून बरीच जास्त हवी, कारण बॅटरी काही वर्षांनी थकतेही.

याच तक्त्यात 'शून्य ते ४० किलोमीटर काही सेकंदांत' असेही असते. तो वेग सर्वांत जोरकस मोडमधला, भरलेल्या बॅटरीवरचा. त्या मोडमध्ये ती रेंज मिळत नाही आणि त्या रेंजच्या चालीत तो वेग मिळत नाही.

मोटरच्या ताकदीचेही दोन आकडे असतात. पीक म्हणजे काही सेकंदांपुरती मिळणारी आणि रेटेड किंवा कंटिन्युअस म्हणजे न तापता सतत मिळणारी. सिग्नलला पहिली उपयोगी, सिंहगडाच्या घाटात दुसरी. एकाच गाडीचे हे दोन आकडे दुपटीनेही वेगळे असू शकतात. चढण्याची क्षमता एक कंपनी अंशांत देते, दुसरी टक्क्यांत. २० अंश म्हणजे ३६ टक्के चढ, त्यामुळे '१८' आणि '१८' समोरासमोर दिसले तरी चिन्ह बघावे. आणि इलेक्ट्रिक मोटरचा २०-२५ एनएम टॉर्क पेट्रोलच्या १० एनएमशी ताडून पाहू नये. मोटर किंवा इंजिन आणि चाक यांच्यामधला गिअरचा हिशेब दोन्हीकडे वेगळा असतो.

चार्जिंगचा वेळ शून्य ते ८० टक्क्यांचा आहे की १०० चा, हे पाहावे. शेवटचे २० टक्के हळू भरतात. ७५० वॉटचा चार्जर असेल तर तीन युनिटला नुसत्या भागाकाराने चार तास होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने तर सगळ्याआधी बॅटरी काढून वर नेता येते का, तेवढेच विचारावे. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बाकीचा तक्ता वाचून उपयोग नाही.

वॉरंटीत 'यांपैकी जे आधी' हे शब्द असतात. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणाऱ्यासाठी '८ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटर' ही वॉरंटी सुमारे ६ वर्षे ८ महिन्यांत संपते. बॅटरी किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून मिळेल, तो आकडा लेखी असावा.

बिनापासिंगच्या, विनापरवाना चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरबाबत जास्त सावध राहावे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंपर्यंत, या सगळ्या अटी पाळल्या तरच ती सूट मिळते. विक्रेता '२५० वॉट, परवाना नको' असे सांगत असेल आणि त्याच दमात 'पण ४५ ने पळते' म्हणत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी न झालेली मोटार झाली. ती बहुधा घरातल्या शाळकरी मुलाच्या हातात द्यायला घेतली जाते आणि अपघात झाला तर विमा नसतो.

फोटो एका गाडीचा, किंमत दुसरीची

जाहिरातीत झळकते ते सर्वांत वरचे व्हेरिएंट आणि '...पासून पुढे' म्हणून लिहिलेली किंमत सर्वांत खालच्याची. म्हणून तक्ता मॉडेलचा नव्हे, व्हेरिएंटचा मागावा. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्यावर वाहन कर, नोंदणी आणि विमा चढून ऑन-रोड किंमत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. ॲक्सेसरीज आणि 'हँडलिंग' या नावाच्या ओळी कोटेशनमध्ये दिसल्या तर त्या कशाच्या, हे आधी विचारावे.

पासिंगआधी दहा मिनिटे

पैसे भरले आणि मुहूर्त ठरला, तरी नोंदणीला कागद जाण्याआधी आपली गाडी एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी. चासी आणि इंजिन क्रमांक कागदाशी जुळवावेत. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बनलेली असेल तर भाव करायला जागा आहे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '२३२५' म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. टायर आणि गाडी यांच्या तारखांत मोठे अंतर असेल, किंवा तक्त्यातल्या व्हेरिएंटचा डिस्क ब्रेक समोरच्या गाडीला नसेल, तर ते तिथेच, त्याच वेळी बोलावे. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणे अवघड होते.